साध्या तिकिटाचा समुद्र

मुलांनो, समुद्राची सहल म्हटली की लोकांना जाहिरातीतली जहाजं आठवतात. वर पोहण्याचा तलाव, रात्री नाचगाणी, जेवायला देशोदेशीचे पदार्थ. तुमच्या आजीला टपाल खात्याचं पेन्शन, मला शाळामास्तराचं. दोन्ही एकत्र केली तरी तसलं जहाज आम्हाला परवडायचं नाही. तरीसुद्धा निवृत्तीनंतर आम्ही दोघं समुद्र फिरलो आणि पोटभर फिरलो. आमचे नियम साधे होते. जहाज सरकारी असावं. जागा सगळ्यांत स्वस्त घ्यावी, कारण आत जायचं ते फक्त पाठ टेकायला. चेन्नईहून अंदमानला गेलो तेव्हा बंकमध्येच झोपलो. बंक म्हणजे एकावर एक पलंगांचं भलंमोठं दालन. सगळे प्रवासी एकत्र, सामान उशाशी. जागेपणीचा वेळ मात्र डेकवर. तिथून दिसणारा समुद्र महागड्या तिकिटाला जास्त आणि स्वस्त तिकिटाला कमी, असा वाटून मिळत नाही.

आज तुम्हाला लक्षद्वीपची गोष्ट सांगतो. उभी हयात मी भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने कंकणद्वीपं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याची बेटं, काढली, पण डोळ्यांनी एकही पाहिलं नव्हतं. लक्षद्वीपच्या पर्यटन विभागाची ‘समुद्रम’ नावाची सहल आहे असं कळलं. रात्री जहाज चालायचं आणि दिवसा एकेक बेट बघायचं: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. झोपायला जहाजच असल्यामुळे हॉटेलचा खर्च नाही. आजीने लगेच हिशेब केला आणि म्हणाली, “अहो, एवढ्यात बसतंय. परवान्याचे अर्ज भरून टाका.” लक्षद्वीपला जायला आधी परवाना काढावा लागतो, हे लक्षात ठेवा.

नेत्रावती एक्सप्रेसच्या स्लीपरच्या डब्यातून आम्ही कोकण आणि कारवार मागे टाकत एर्नाकुलमला उतरलो. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आलेपाकाच्या वड्या होत्या. लक्षद्वीपची जहाजं कोचीच्या विलिंग्डन बेटावरून सुटतात. हे बेट माणसाने केलेलं आहे. गेल्या शतकात बंदर खोल करायला तळ उपसला, तेव्हा निघालेल्या गाळाची भर घालून ते तयार केलं. तिथे एम. व्ही. कवरत्ती उभं होतं. सातशे प्रवाशांचं जहाज, आपल्याच विशाखापट्टणमला बांधलेलं. दोघांची केबिन महाग होती, चौघांची स्वस्त. आम्ही चौघांची घेतली. सोबतीला मिनिकॉयचं एक वयस्क जोडपं आलं. डोळे तपासून घरी चाललं होतं. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्पिढ्या दर्यावर्दी. हे चाचाही तरुणपणी मालवाहू जहाजांवर खलाशी होते आणि मुंबईच्या गोदीत राहून हिंदी शिकले होते. आमचं चांगलंच जमलं.

आता पहिला चमत्कार ऐका. जहाज बंदराबाहेर पडलं आणि झुलायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या महाग केबिनमधले प्रवासी तासाभरात आडवे झाले. आम्ही खालच्या केबिनवाले ठणठणीत! यात नशिबाचा काही संबंध नाही. जहाज डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे कलतं ते आपल्या मध्याभोवती, आणि मध्यापासून जितकं वर किंवा पुढे-मागे जाल तितका झोका मोठा होत जातो. स्वस्त केबिन बहुधा खाली असतात. त्यात मधोमध जागा मिळाली, तर सगळ्यांत कमी हेलकावे तिथेच.

मळमळ का होते, तेही सांगतो. आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं हललं की तो द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. बंद केबिनमध्ये डोळे मेंदूला सांगतात, “सगळं स्थिर आहे.” कान सांगतात, “सगळं हलतंय.” दोन साक्षी जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. म्हणून जुने खलाशी सांगतात, डेकवर या आणि दूर क्षितिजाकडे बघा. क्षितिज बघितलं की डोळ्यांनाही हलणं दिसतं आणि दोन्ही साक्षी जुळतात. आजीने वरच्या मजल्यावरच्या एका बाईंना हात धरून डेकवर आणलं, आलेपाकाची वडी दिली आणि क्षितिजाकडे बघायला लावलं. अर्ध्या तासाने त्या बाई आजीशी नातवंडांच्या गप्पा मारत होत्या.

पण वारा तर पडलेला होता. मग जहाज झुलत का होतं? लाट वाऱ्याने उठते हे खरं. पण एकदा उठली की वारा थांबला तरी ती चालतच राहते. भारताच्या दक्षिणेला, थेट अंटार्क्टिकाच्या बाजूला, वर्षभर वादळं घोंगावत असतात. तिथे उठलेल्या लांबलचक लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी केरळच्या आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्याला येऊन लागतात. गंमत अशी, की लाट येते पण तिकडचं पाणी येत नाही. बंदराच्या तोंडाशी एक रिकामं शहाळं तरंगताना मी बराच वेळ निरखलं. लाट आली की ते जरा पुढे सरकत वर चढायचं, लाट गेली की जरा मागे येत खाली उतरायचं, आणि जवळपास होतं तिथेच राहायचं. पाण्याचा प्रत्येक थेंब असाच जागच्या जागी गोल फिरतो. पुढे जाते ती फक्त शक्ती. दक्षिणेतल्या वादळाची शक्ती आमच्या केबिनपर्यंत पोचली होती.

संध्याकाळपर्यंत पाण्याचा रंग बदलत गेला. कोचीजवळ पाणी मातकट-हिरवट होतं. नद्या आणि खाड्या तिथे गाळ आणतात. त्याबरोबर येणाऱ्या खतावर सूक्ष्म वनस्पती पोसल्या जातात आणि त्यांच्यातलं हरितद्रव्य पाण्याला हिरवी झाक देतं. या वनस्पती इतक्या बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसायच्या नाहीत. पण पृथ्वीवर जेवढा प्राणवायू तयार होतो, त्यातला जवळजवळ निम्मा समुद्रातल्या या जीवांनी केलेला असतो. तुम्ही नागपूरला असा नाहीतर लेहला, तुमच्या श्वासात समुद्राचा वाटा असतोच.

पुढे खोल समुद्र लागला आणि पाणी गर्द निळं झालं. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग आधी गिळतं. दहाएक मीटर खाली गेलं की तांबडा जवळपास संपतो. मग नारिंगी आणि पिवळ्याची पाळी येते. निळा मात्र खोलवर जातो, पाण्याच्या कणांवरून विखुरतो आणि त्यातला थोडा परत वर येतो. खाली तळ जवळ नाही, पाण्यात गाळ नाही, म्हणून डोळ्यांपर्यंत पोचतो तो फक्त निळा. आजीने बाटलीत ते पाणी भरून घ्यायला सांगितलं. एका खलाशाने बादली सोडून काढून दिलं. बाटलीत ते अगदी नळाच्या पाण्यासारखं बिनरंगी! तो निळा रंग दिसायला पाण्याची जाडी लागते.

रात्री जेवण झाल्यावर चाचा म्हणाले, “मास्तर, पीछे चलो. दिया दिखाता हूँ.” जहाजाच्या मागच्या टोकाला, जिथे दिवे कमी होते, तिथे कठड्याला टेकून आम्ही खाली बघितलं. पंख्याने घुसळलेल्या पाण्याच्या पट्ट्यात निळसर-हिरव्या ठिणग्या पेटत होत्या. एक पेटायची, विझायची, तोवर शेजारी दहा पेटायच्या. आजी कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “अहो, हे गरम असेल का हो?”

फार नेमका प्रश्न. तो प्रकाश जवळजवळ थंडच असतो. समुद्रात एकपेशी जीव असतात. नॉक्टिल्युका हा त्यांतला एक, आपल्या कोकण किनाऱ्यालाही येतो. त्यांच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. पाणी हललं, धक्का लागला, की त्याची प्राणवायूशी क्रिया होते आणि प्रकाश पडतो. एका पेशीचा लखलखाट सेकंदाचा दहावा भागच टिकतो. विजेच्या जुन्या पिवळ्या दिव्यात बहुतेक शक्ती उष्णतेतच वाया जायची. या जीवाच्या दिव्यात ती वाया जात नाही. आणि हा दिवा कशासाठी? शास्त्रज्ञांचा तर्क मोठा मजेदार आहे. या जीवांना खायला बारीक कोळंबीसारखे प्राणी येतात. त्यांचा धक्का लागला की दिवा पेटतो. त्या उजेडात कोळंबी मोठ्या माशाला दिसते आणि मासा तिला मटकावतो. म्हणजे घरात चोर शिरल्यावर दिवा लावून शेजाऱ्यांना बोलवायचं, ही युक्ती डोळे नाहीत, मेंदू नाही अशा एका पेशीला साधलेली आहे!

पहाटे आम्ही पुढच्या टोकाला गेलो. उजाडलं तसं जहाजाच्या समोरून चांदीच्या कांडीएवढं काहीतरी सुळकन पाण्यातून निघालं आणि लाटांच्या वरून सरळ रेषेत लांब गेलं. मग दुसरं, मग एकदम वीस-पंचवीस. आजी ओरडली, “अगं बाई, पाखरं!” ते उडते मासे होते. त्यांचे छातीचे पर पंखांएवढे लांब असतात. पाठीमागे ट्यूना लागला, नाहीतर जहाजाची चाहूल लागली, की हा मासा वेग घेतो आणि पाण्याबाहेर झेपावतो. बाहेर आल्यावर पर उघडतो, पण पक्ष्यासारखे फडफडवत नाही. नुसता तरंगत जातो. वेग कमी झाला की एक युक्ती करतो, ती मी दुर्बिणीतून स्वच्छ पाहिली. त्याच्या शेपटीचं खालचं टोक वरच्यापेक्षा लांब असतं. सगळा मासा हवेत असतानाच तो तेवढंच टोक पाण्यात बुडवतो, थरथरा हलवतो आणि पुन्हा उसळी घेतो. पाण्यावर त्याची नागमोडी रेघ उमटलेली दिसते. जपानजवळ 2008 साली असा एक मासा 45 सेकंद हवेत असलेला चित्रित झाला आहे. तुम्ही आत्ता 45 सेकंद मोजून बघा, म्हणजे कळेल.

आता बेट कधी दिसतं, याची सगळ्यांना घाई झाली. मी दुर्बीण लावून बसलो होतो. क्षितिजावर हिरव्या ठिपक्यांची ओळ दिसली. आजीने दुर्बीण घेतली आणि म्हणाली, “अहो, नुसते शेंडेच दिसताहेत. हे माड पाण्यातच उगवले की काय?” तिला खरोखर शेंडेच दिसत होते. अर्ध्या तासाने बुंधे दिसले, मग पांढरी वाळू. शाळेत मी मुलांना शिकवायचो, पृथ्वी गोल आहे म्हणून जहाजाची आधी डोलकाठी दिसते. इथे पृथ्वीच्या गोलाईने आधी झावळ्या दाखवल्या आणि मग माती.

याचं गणित सोपं आहे. तुम्ही चौपाटीवर उभे राहिलात तर क्षितिज तुमच्यापासून चारेक किलोमीटरवर असतं. सोळा मीटर उंच डेकवर उभे राहिलात तर सुमारे चौदा किलोमीटरवर. समुद्रसपाटीपासून वीसेक मीटर उंच गेलेल्या माडाचा शेंडा स्वतः सोळा किलोमीटरवरून दिसू शकतो. दोन्हींची बेरीज केली की झालं: डेकवरच्या माणसाला माडाचा शेंडा तीस किलोमीटरवरून दिसेल. पण बेटाची जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच, ती दिसायला वीस किलोमीटरच्या आत यावं लागतं. मधल्या वेळात माड पाण्यावर उभे.

बेटाजवळ जहाज थांबलं ते बाहेरच, कारण आतलं पाणी उथळ असतं. जहाजाच्या अंगाला एक दार असतं, ते उघडतात. खाली होडी वर-खाली होत असते. दोन खलाशी तुमचे दंड धरतात, होडी वर आली की “हां, अभी!” म्हणतात आणि तुम्ही पाऊल टाकायचं. आजीने पदर खोचला आणि पहिल्या इशाऱ्याला होडीत उतरली.

होडीने खडकांच्या रांगेतली फट ओलांडली आणि पाणी एकदम बदललं. बाहेर काळपट निळं होतं, आत फिकट हिरवट-निळं आणि इतकं नितळ, की तळाच्या वाळूवर आमच्या होडीची सावली बरोबर चालताना दिसली. हे झालं खारकच्छ, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ पाणी. इथे प्रकाश तळापर्यंत जातो, पांढऱ्या वाळूवर आपटतो आणि परत येतो. वाटेत तांबडा तेवढा कमी झालेला असतो, म्हणून उरतो तो हा रंग.

कल्पेनीला काचेचा तळ असलेल्या होडीतून आम्ही प्रवाळ पाहिला. आता नीट ऐका, कारण गोष्टीचा गाभा इथे आहे. प्रवाळ दिसायला झाड, स्पर्शाला दगड, पण तो असतो प्राणी. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा. समुद्रातला चुना घेऊन तो स्वतःभोवती वाटी बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. बदल्यात प्रवाळ त्याला निवारा देतो. प्रवाळाचे रंगही पुष्कळसे या भाडेकरूचेच. दगडासारख्या गोल जातीचे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढले तरी खूप. अशा वाट्यांवर वाट्या, पिढ्यांवर पिढ्या चढत जातात आणि अख्खं बेट उभं राहतं. काचेखाली एक पोपटमासा प्रवाळाचे लचके तोडत होता, आणि त्याचा आवाज होडीत ऐकू येत होता. तो चुना दळून शैवाल पचवतो आणि उरलेली पूड शेपटीमागून सोडून देतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आम्ही दुपारी बसलो, तिच्यातला बराच भाग त्याच्या पोटातून आलेला!

पण शैवालाला ऊन लागतं, म्हणजे प्रवाळ उथळ पाण्यातच वाढणार. मग हजारो मीटर खोल समुद्रात त्याने पाया कुठे घातला? हे कोडं चार्ल्स डार्विनने सोडवलं. 1836 साली तो बीगल जहाजावरून हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला होता, आणि 1842 साली त्याने प्रवाळबेटांवर पुस्तक लिहिलं. तो म्हणाला, आधी तिथे ज्वालामुखीचा डोंगर असतो. त्याच्या काठाने प्रवाळ वाढतो. डोंगर हळूहळू खचत जातो, आणि तो खचेल तसा प्रवाळ वर वर वाढत राहतो. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो, प्रवाळाचं कडं तेवढं उरतं. पुरावा मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. 1952 साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर भोक पाडलं. सुमारे 1400 मीटर चुनखडी लागली आणि तिच्याखाली ज्वालामुखीचा काळा खडक! डार्विनचं म्हणणं खरं ठरलं.

मग लक्षद्वीपखाली कोणती आग होती? मुलांनो, ही आग आपल्या घरची. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत पार दक्षिणेला होता. तेव्हा जमिनीच्या पोटातल्या एका तापलेल्या जागेवरून तो सरकत होता. तिथून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचले. रायगडाचा कडा, वेरूळचं कैलास लेणं, आपल्या घाटांतले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, हा सगळा तोच खडक. भारत उत्तरेला सरकत राहिला, आग जवळपास तिथेच राहिली. जळत्या मेणबत्तीवरून कागद सरकवला तर जळक्या डागांची ओळ उठते, तशी समुद्राच्या तळावर डोंगरांची ओळ उठली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटं ज्या बुडालेल्या कण्यावर बसली आहेत, तो हाच कणा मानतात. 1987 साली शास्त्रज्ञांनी जहाजातून या ओळीवर भोकं पाडून खडकांची वयं काढली. मालदीवजवळचा खडक सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षांचा, चागोसजवळचा सुमारे 4 कोटी 90 लाख, आणि त्यापुढे मॉरिशस तर फारच तरुण. दक्षिणेला जावं तसं वय उतरत गेलं. ती आग आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पिटॉन द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून उसळतो. म्हणजे सह्याद्री थोरला भाऊ, लक्षद्वीप मधला आणि रियुनियन धाकटा. मी सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्मलो, पण ही भावंडं मला समुद्रात जाऊन भेटली.

कवरत्तीला तहान लागली म्हणून एका घरी पाणी मागितलं. त्यांनी अंगणातल्या विहिरीतून काढून दिलं. गोडं पाणी! चहूकडे खारा समुद्र, बेट समुद्रातून बोटभर वर आलेलं, आणि विहीर गोड कशी? पाऊस पडला की पाणी सच्छिद्र चुनखडीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. एक हजार लिटर गोडं पाणी एक हजार किलोचं, तेवढंच समुद्राचं पाणी 1025 किलोचं. या फरकाचा हिशेब मांडला तर समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर खाली चाळीस मीटरपर्यंत असायला हवं. लहान बेटांवर भरती-ओहोटीने पाणी मिसळत राहतं आणि थर बराच पातळ होतो. त्यातून पंप लावून जास्त उपसलं, की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर नासते. घरच्या बाई म्हणाल्या, भरतीला विहिरीचं पाणी वर येतं, ओहोटीला खाली जातं. विहिरींचं गोडं पाणी असं तुटपुंजं, म्हणून कवरत्तीला 2005 साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने एक प्रकल्प उभारला. तिथे वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडलं की न तापवताही त्याची वाफ होते. साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं. दिवसाला एक लाख लिटर. समुद्राच्या वरच्या आणि खालच्या तापमानात फरक आहे, एवढ्यावर गावाची तहान भागते.

मिनिकॉयच्या वाटेवर रात्र निवळ होती. चाचांनी उत्तरेला बोट दाखवलं. ध्रुवतारा इतका खाली मी कधी पाहिला नव्हता. आता तुम्ही एक करा. हात सरळ पुढे धरून मूठ मिटा. मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर दिसतो, मिनिकॉयला एक मूठही भरत नाही. कारण ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच तुमचा अक्षांश. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, मिनिकॉय आठ अंशांच्या जरा वर. एक अंश म्हणजे 60 सागरी मैल, सुमारे 111 किलोमीटर. दहा अंश खाली आलो, म्हणजे अकराशे किलोमीटर दक्षिणेला आलो. अरबी समुद्रातले जुने नाखवे यासाठी ‘कमाल’ वापरायचे: एक लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, फळी क्षितिजावर टेकवायची आणि गाठी मोजायच्या. घड्याळ नाही, नकाशा नाही, तरी बेट सापडायचं. सकाळी 1885 सालचा मिनिकॉयचा दीपस्तंभ दिसला आणि चाचांनी त्याला कपाळाला हात लावून सलाम केला.

एक दुःखाची बाजूही सांगायला हवी. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतो. मग तो पांढराफटक पडतो आणि उपाशी राहतो. पाणी लवकर थंड झालं तर तो सावरतो, नाहीतर मरतो. लक्षद्वीपने हे 1998, 2010, 2016 आणि 2024 साली सोसलं. काचेखाली आम्हीही असे पांढरे, मोडलेले पट्टे पाहिले, आणि त्यांच्या शेजारी नव्याने उगवलेले बोटभर कोंबही पाहिले. बेटाला लाटांपासून वाचवणारं कडं याच प्रवाळाचं आहे. ते खचलं तर माड, विहिरी, गाव, सगळं उघडं पडेल.

म्हणून माझं सांगणं दोन गोष्टींचं. तुमच्या घरात निवृत्त झालेली माणसं असतील तर त्यांना समुद्रावर पाठवा, आणि मोठी रक्कम साठेपर्यंत थांबवू नका. पावसाळा टाळून निघावं, तिकीट साधं काढावं, परवान्याचे कागद आधी पुरे करावेत. दुर्बीण आणि टोपी सोबत असावी, आणि डेकवर बसायला भरपूर वेळ असावा. वेळ हीच निवृत्त माणसाची श्रीमंती, आणि समुद्र बघायला तीच लागते. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. तुम्ही कधी त्या खारकच्छात उतरलात, तर प्रवाळावर पाय टेकवू नका आणि आठवण म्हणून एक तुकडाही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघाचं नाव आहे, तिथेच आपल्या देशाने प्रवाळालाही जागा दिली आहे.